वळणावरची रेघ

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या भिंतीवर चार टाचण्यांनी लावलेला मी एक जुना नकाशा आहे, गोल्डर नदीच्या खोऱ्याचा. पंच्याऐंशी वर्षांपूर्वी मोजणीदार घोड्यांवर सामान लादून इथे आले आणि साखळीने जमीन मोजत महिनोन्‌महिने तंबूत राहिले. माझ्यावरच्या तपकिरी रेषा जमिनीची उंची सांगतात, निळी रेषा नदी दाखवते.

छापून आलो तेव्हा माझे फार कौतुक झाले. पण नदी छापल्या जागी राहिना. मग या घरात, पॅस्कोंकडे, एक रीत पडली. पूर ओसरला की कोणीतरी काठाने चालून यायचे, आणि जिथे काठ खचला असेल तिथे माझ्यावर पेन्सिलीने नवी रेघ मारून वर्ष लिहायचे. ऑल्विन पॅस्कोंनी अशा अकरा रेघा मारल्या. त्यांचे गुडघे गेले तेव्हा ते काम मुलीकडे, नेरिडाकडे आले.

मागच्या जुलैत पूर ओसरल्यावर ती काठाने चालून आली आणि चिखलाने भरलेले बूट दारात काढून आत आली.

"काय काय गेलं?" ऑल्विननी विचारले.

"वळणावरचं थोडं गेलंय, बाबा. रेघ रविवारी मारते. आधी चहा."

"नदीला रविवार कळत नाही हं, बाईसाहेब."

"आणि तुम्हाला धीर कळत नाही!"

दोघे हसले. रविवार उजाडण्याआधीच ती कामासाठी शहरात परतली. 'थोडं' म्हणजे सत्तर पावले होती. ते तिलाच ठाऊक होते.

मार्चमध्ये पाणी पुन्हा चढले. गाई खालच्या कुरणात अडकल्या. ऑल्विननी भिंग लावून माझे वळण न्याहाळले आणि शेजारच्या डेसला फोन केला.

"वळणावरून ट्रॅक्टर नेतो. थोडंच गेलंय म्हणाली होती नेरिडा, आणि रेघही मारलेली नाही, म्हणजे ट्रॅक्टरपुरता काठ शाबूत आहे."

"थांब की म्हाताऱ्या, मी येतो!"

"तू येईस्तोवर गाई पोहायला शिकतील."

ते गेले. दार उघडेच राहिले. वाऱ्याने माझा एक कोपरा फडफडला. मला तेवढेच करता आले.

गाई खरोखरच पोहून वर आल्या. ऑल्विन दोन दिवसांनी सापडले.

त्यांना पुरून आल्यावर नेरिडाने त्यांचीच पेन्सिल घेतली आणि वळणावर रेघ मारली. वर्ष मात्र तिने मागचे लिहिले. फोनवरचे ते रेघेचे वाक्य डेसने तिला अजून सांगितलेले नाही.

मित्रांनो, आम्हा नकाशांना ओलीपासून जपा, फाटलो तर चिकटवा. पण डोळ्यांनी पाहिलेले त्याच दिवशी आमच्यावर उतरवा. आम्हाला हाक मारता येत नाही, आणि माणसे आमच्यावर विश्वास ठेवून घराबाहेर पडतात.