कमलाकांतचं शेवटचं अक्षर

हे कोणी मानणार नाही, पण मी एका बुडालेल्या माणसाला पाच हिवाळे जिवंत ठेवलं. तेही दर साली एकेक अक्षर देऊन.

मी रामू, घिवलीचा. माझ्या थापा तारापूरपासून सातपाटीपर्यंत सगळ्यांना पाठ आहेत. एकदा घोळ माशाच्या पोटात मला माझंच हरवलेलं पागोटं सापडलं होतं, तेही धुतलेलं. पण त्या थापा हसण्याच्या होत्या. ही एकच रडत सुरू झाली.

कमलाकांत माझा पुतण्या, चुलतभावाचा एकुलता एक. मार्गशीर्षातलं पुनवेचं उधाण होतं, माझीच होडी होती. डोल जाळं सोडताना त्याचा पाय दोरात अडकला आणि तो पाण्यात ओढला गेला. मी त्याचा हात धरला होता. हात ओला होता. पुढचं काय सांगू?

प्रेत मिळालं नाही. त्याची आई, आमची काशीवयनी, हटून बसली. दहावं करू देईना, सुनेच्या, नलूच्या, बांगड्यांना कोणाला हात लावू देईना, स्वतः अन्नाला शिवेना. आठव्या दिवशी तिचे डोळे खोल गेलेले बघितले आणि माझी जीभ आपोआप सुटली.

"वयनी, जाफराबादचा होडीवाला भेटला मला दर्यात. कमलाकांत तिकडं गुजरातेत हाय. घोळीच्या पाठीवर बसून किनाऱ्याला लागला."

ती माझ्याकडं सरकली.

"मंग घरी का नाय येत?"

"कानात खारं पानी गेलं ना. नाव इसरलाय. आतापर्यंत निस्ता 'क' आठवलाय."

"'क' आठवलाय?"

"'क'. बाकीचं येल हळूहळू."

त्या दिवशी तिनं वाटीभर पेज घेतली. थाप मारण्याआधी माणसानं नावाची अक्षरं मोजावीत. मी मोजली नव्हती.

आमच्याकडं दिवाळी सरली की पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो. दर्या तेल ओतल्यासारखा होतो, बोंबील खच्चून लागतो. पुनवेच्या, अवसेच्या उधाणाला पाणी धावतं, डोल जाळ्याचं तोंड उघडतं, होड्या भरून येतात. मधल्या सप्तमी-अष्टमीच्या भांगाला पाणी मरतं, मग होड्या रेतीत आणि माणसं जाळी विणत दारात. दर साली असा वारा सुटला की काशीवयनी मला विचारी, "जाफराबादवाला भेटला का रं?" आणि मी अक्षर द्यायचो. दुसऱ्या साली 'म'. मग 'ला'. चौथ्या साली 'कां' दिला, तेव्हा तिनं गावभर गूळ वाटला.

एकच उरलं होतं.

पाचव्या साली, तारापूरच्या अंगाला विजेच्या कारखान्याचे सुरुंग दणाणत होते तेव्हा, नलूचा बाप सातपाटीहून आला. तिकडं एक बिजवर होता, घरची मशीनची बोट, माणूस शांत. पाट लावायला तयार होता. काशीवयनीनं त्याला चहा दिला आणि सांगितलं, "एक अक्षर रायलंय. मानूस यायला झालाय नि पोरगी कशी धाडू?"

बाप टोपी चाचपत परत गेला.

दुसऱ्या दिवशी मी बोंबील वाळत घालतात तिथं गेलो. बांबूंना आडव्या दोऱ्या बांधलेल्या, त्यावर नलू एकटीच बोंबील टांगत होती. दोन दोन घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. चोवीस वर्षांची पोर. तिनं मान वर केली नाही.

"काका, 'त' कवा आननार?"

"तुला खरं वाटतं गो ते?"

"मला कवाच नाय वाटलं. पन आय जेवते त्याच्यावर. तिला टाकून मी जानार नाय. तिनं धाडलं तरच जाईन." मग पुढची जोडी अडकवत म्हणाली, "तुमी बांधलंय, तुमीच सोडा."

सोडा म्हणे! सरळ खरं सांगायची सवय या जिभेला असती तर काय हवं होतं? चार दिवस मी दारात जाळं विणत काढले. मग सुचलं. डोलीचं शेपूट दोरीनं बांधलेलं असतं. दोरी ओढली की आतलं सगळं होडीत सांडतं. आपल्या थापेलाही तशी एक दोरी ठेवावी, ज्याला ओढायची त्यानं ओढावी.

दुपारी बायका बोंबील टांगत होत्या. काशीवयनी नलूच्या बाजूला पाटी घेऊन बसली होती. मी समोर उकिडवा बसलो.

"वयनी, भेटला जाफराबादवाला."

जवळच्या बायका सरकून आल्या. जमना नावाची एक आगाऊ बाई आहे, ती सगळ्यांत पुढं.

"परवा अष्टमीला डोलीवर गेल्तो. पान्याला ही धाव! जाळं भरून फाटतंय का काय, असं झालं. तेवढ्यात त्याची होडी आडवी आली. म्हनला, तुमच्या मानसाला 'त' आठवला."

काशीवयनीच्या हातात बोंबलांची जोडी होती. ती तशीच राहिली.

"कवा म्हनलास?"

"परवा. अष्टमीला."

"अष्टमीला भांग व्हता," ती हळू म्हणाली. "पानी मेलेलं. गावची एकबी होडी दर्यात नव्हती. तुझी तर हितंच रेतीत व्हती. तिच्यावर मी लुगडं सुकवलं."

माझी जीभ सवयीनं वळवळली. म्हणणार होती, वयनी, ती होडीची सावली होती. मी जीभ दातांत धरली.

ती माझ्याकडं बघत राहिली. मला निसटायला तिनं पुष्कळ वेळ दिला. मी निसटलो नाही. मग तिनं हातातली जोडी सोडवली, दोन्ही बोंबील वेगवेगळे पाटीत ठेवले.

"खोटं," ती म्हणाली. शेवटच्या बांबूपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "पयल्या 'क'पासून खोटं हाय, रामू. नलू, बापाला सांगावा धाड."