एकशे बारावी ओळ

सकाळी नऊपासून कंपायलरने, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, एकच रड लावली होती: ओळ एकशे बारा, आकड्याच्या आधी कंस हवा. त्या ओळीत आकडाच नव्हता. डोळे फाडफाडून बघितलं तरी नव्हता.

फाइल पट्टीकाकांची. आमच्याकडे नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बनतात, आणि पेटीचं तापमान राखणारा प्रोग्राम काकांनी नऊ वर्षांपूर्वी लिहिला. कोड छापून, ओळीखाली स्टीलची पट्टी धरून वाचतात, म्हणून हे नाव. अलीकडे ते दोनदा मीटिंग विसरले, तेव्हापासून लोक कुजबुजायला लागले होते.

मीही साहेबांना सांगून मोकळी झाले, "एरर काकांच्या फाइलमध्ये आहे." साहेब टपूनच बसले होते. "तीन वाजता बोलावतो त्यांना. उद्यापासून ती फाइल तू सांभाळ, ते मॅन्युअल लिहितील." मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. जेमतेम दहा मिनिटं टिकला तो.

साहेबांचा निरोप मिळताच काका माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. ओळ वाचली, चष्मा पुसून परत वाचली.

"मला तर काही दिसत नाही गं."

"मलाही नाही, काका."

"पण माझ्याच फाइलमध्ये दाखवतोय ना? मग माझंच असणार. हल्ली चुकतं माझं."

आणि जागेवर जाऊन ते ड्रॉवर आवरायला लागले. मला भयंकर राग आला, कोणाचा ते कळेना. याच माणसाने पहिल्या आठवड्यात मला बजावलं होतं, "कंपायलर ओरडतो तिथे तो फक्त अडलेला असतो. चुकलेलं असतं आधी कुठेतरी." आणि आता स्वतःवर वेळ आली तर निमूट मान तुकवून बसले.

मग मला बसवेना. कंपायलर काढून पुन्हा टाकला. कॉम्प्युटर बदलला. चहा आणला, गार केला, ओतून दिला. नऊ वर्षं हात न लागलेली ओळ आजच कशी बिघडेल? दोन वाजले. काकांच्या टेबलावरची फुलझाडाची कुंडी पिशवीत गेली होती.

शेवटी त्यांचीच पद्धत धरली. कंपायलरच्या हाती पडण्याआधी फाइल कशी दिसते, म्हणजे सगळी टोपणनावं उलगडून, सगळ्या जोडफाइली आत ओतून, ती छापून घेतली. एकशे साठ पानं. पट्टी नव्हती, म्हणून ओळखपत्र ओळीखाली सरकवत गेले. पाय टेबलाखाली सारखे हलत होते.

एकशे एकेचाळिसाव्या पानावर ती ओळ सापडली. काकांनी तापमानासाठी 'टी' लिहिलं होतं तिथे छापलं होतं सदतीस.

काल मी माझ्या हेडर फाइलमध्ये, म्हणजे बाकीच्या फाइलींना वरून जोडतात त्या फाइलमध्ये, एक सोय करून ठेवली होती: जिथे टी दिसेल तिथे सदतीस घाल, बाळाच्या अंगाचं तापमान. सारखं सारखं सदतीस कोण लिहिणार. आणि ती हेडर काकांच्या फाइलीच्या डोक्यावरच जोडलेली. चूक माझी, बोंब त्यांच्या घरात.

तीनला पाच कमी होते. गप्प बसून माझी ओळ पुसली असती, तर एरर गेला असता आणि फाइलही माझी झाली असती. हा विचार आला मनात, पूर्ण आला. मग पान उचललं आणि साहेबांच्या केबिनचं दार न वाजवता ढकललं. काका खुर्चीच्या कडेवर बसले होते, कुंडीची पिशवी मांडीवर.

"साहेब, चूक माझी आहे. सकाळी मी न बघता यांचं नाव सांगितलं."

साहेब काहीतरी म्हणाले, मी ऐकलं नाही. काकांनी खिशातून पट्टी काढली, पानावर ठेवली आणि सावकाश वाचलं.

"म्हणजे माझी ओळ बरोबर होती."

"बरोबरच होती, काका."

त्यांनी पट्टी खिशात ठेवली. मग कुंडीची पिशवी माझ्या हातात दिली. "ही जागेवर ठेव. आणि चल, ती हेडर दाखव. अजून कुठे कुठे घुसलाय तुझा सदतीस, ते बघायला हवं."