सात शार्क

गावच्या तरणतलावावर तीस वर्षं पोरांना पोहायला शिकवणाऱ्या माणसाला सगळे कोच म्हणायचे. त्यांच्या बायकोला मात्र पोहता येत नव्हतं. दिव्याखाली अंधार, असं लोक हसून म्हणत आणि तीही हसण्यावारी न्यायची. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. पाण्याला तिचा लांबूनच नमस्कार. पण मागच्या वर्षी कोच हात धुऊन तिच्या मागे लागले. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला तलावात उतरवलं आणि चार महिन्यांत हातपाय मारायला शिकवलंच.

मग ते तिला या बेटावर घेऊन आले. शार्कसोबत बुडी मारायची, हे त्यांचं तरुणपणापासूनचं वेड. नोकरी, मुलीचं शिक्षण, तिचं लग्न यांत राहून गेलेलं.

बुडीच्या ऑफिसात रबराचा वास भरून राहिला होता. खिळ्यांना ओले पोशाख टांगलेले, कोपऱ्यात सिलिंडरची रांग. काउंटरवरच्या बाईने दोघांपुढे एकेक फॉर्म ठेवला. तब्येतीचे वीस-पंचवीस प्रश्न, पुढे हो आणि नाहीच्या चौकटी. तिचा फॉर्म भरून झाला तरी कोचचं पेन एकाच ओळीवर अडलेलं. शेवटी त्यांनी चौकटीत खूण केली. तिने वाकून पाहिलं.

"अहो, फुप्फुसाच्या आजाराला हो केलंत. थांबा, दुसरा फॉर्म मागते."

"बरोबर आहे ते."

"काय बरोबर आहे?"

"वर्ष झालं. शेजारच्या गावात दाखवलं. तुझ्या लॅबमध्ये आलो असतो तर तुला त्याच दिवशी कळलं असतं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "इथेही लिहिणार नव्हतो गं. पण पाण्याच्या बाबतीत मी कधी खोटं बोललेलो नाही."

तिच्या पायाखालची जमीन सरकली. असे रिपोर्ट तिने आयुष्यभर पाकिटात घालून लोकांच्या हाती दिले होते.

काउंटरवरच्या बाईने फॉर्म वाचला. "डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तुम्हाला सोडता येणार नाही, काका."

"ठाऊक आहे," कोच म्हणाले. "हिला सोडा."

दुपारभर ती त्यांच्याशी चकार शब्द बोलली नाही. खोलीत कोच टॉवेलच्या घड्या करत बसले. तिलाच राहवेना.

"मग मला मेलीला पोहायला कशाला शिकवलंत?"

"दोघांनी मिळून खाली जायचं होतं. वाटलं, तेवढे दिवस श्वास पुरेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उतरली ती रागानेच. गाइडने तिचा हात घट्ट धरला होता. खाली निळं, गार, शांत. आणि मग खडकाआडून तो आला, ओल्या पाटीच्या रंगाचा, दोन हातांवरून. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कसली घाई नसल्यासारखा अंग वळवत निघून गेला. हे यांनी बघायला हवं होतं, एवढंच तिच्या मनात आलं आणि डोळे भरले. मास्कच्या आत ते पुसणार कसे? त्यानंतर वर येईपर्यंत तिला काही दिसलं नाही.

कोच होडीच्या कडेवर ओणवे झाले होते. "दिसले?"

"सात," ती म्हणाली. "एक तर या होडीएवढा."

गाइडने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या पाठीवरचं सिलिंडर उतरवायला घेतलं.

घरी परतल्यावर उपचार सुरू झाले, पण फार उशीर झाला होता. दवाखान्यात कोच नर्सला, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना, ज्याला त्याला सांगायचे, "आमच्या हिने सात शार्क बघितले." मग तिला म्हणायचे, "सांग गं, तो मोठा कसा वळला." ती सांगायची. दर वेळी थोडं तिखटमीठ लावून.

एकदा मुलगी डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेली, तेव्हा त्यांनी विचारलं, "खरे किती होते?"

तिने त्यांच्या हातातल्या सलाइनच्या सुईवरची पट्टी नीट केली. "एक."

"बरं. मग त्याचंच सांग."

तिने सांगितलं. पाटीचा रंग, अंग वळवणं, त्याचं न बघणं. मास्कमध्ये रडले, हेही. कोचनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

त्याच आठवड्यात ते गेले.

तलावावरच्या बायका अधूनमधून तिला न्यायला येतात. ती त्यांना चहा करून देते, गप्पा मारते आणि पुढच्या आठवड्यात बघू म्हणते. अजून ती गेलेली नाही.