शेजारच्या बाकावरची

माझी उंची पाच फुटांना दीड इंच कमी. पदवी घेऊन दोन वर्षं झाली, तरी बसमध्ये कंडक्टर मला अजून शाळेचा पास मागतात. क्लासच्या सरांनी मला याच गुणावर नोकरी दिली.

"पेपर कुणाला मारत नाही," ते म्हणाले. "शेजारचा मारतो. तुम्ही शेजारच्या व्हा."

काम सोपं होतं. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा सराव पेपर असला की विद्यार्थिनी म्हणून जायचं, सर सांगतील त्याच्या शेजारी बसायचं आणि भराभर पानं उलटायची. प्रश्न वाचायचेसुद्धा नाहीत. उत्तरपत्रिकेतले गोल मनाला येईल तसे काळे करायचे. पोरं आधी बिथरतात, मग सरावतात. खऱ्या परीक्षेत शेजारी कुणी कितीही फडफड केली तरी मान वर करत नाहीत. पोरांनी माझं नाव पंखा ठेवलं होतं.

या वर्षी माझ्या वाट्याला चष्म्याच्या दुकानदाराची मुलगी आली. तिला गणित यायचं, धीर धरता यायचा नाही. पहिल्या पेपरात तिनं माझ्याकडे एकतीस वेळा पाहिलं. मी मोजलं. दोनशेपैकी गुण अठ्ठ्याऐंशी. चौथ्या पेपरात चौदा वेळा, एकशेआठ. सातव्यात फक्त पाच वेळा, आणि एकशेअठ्ठावीस. पद्धत लागू पडत होती, यात शंका नाही.

आठव्या, म्हणजे शेवटच्या पेपरआधी तिनं मला जिन्यात गाठलं.

"ए पंखा, आज लांब बस ना गं."

"का?"

"आज एकशेवीस पडले तरच फॉर्म भरायचा, असं बाबा म्हणालेत. नाहीतर उद्यापासून दुकानात. दादा घर सोडून गेलाय ना, काउंटरला माणूस नाही." ती हसली. "तू शेजारी असलीस की माझा निम्मा जीव तुझ्या पानांत अडकतो."

मी जाऊन सरांना सांगितलं. ते पेपरांचे गठ्ठे लावत होते.

"मग तर आजच जोर लावा. चाळीस मिनिटांनी कच्च्या कामाला कागद मागा, दीड तासात पेन्सिल खाली. खऱ्या हॉलमध्ये हिच्या शेजारी कुणी मठ्ठ शोधून बसवणार आहे का?"

मला नाही म्हणता आलं असतं. पण तो पाचाचा आकडा टिकतो का, हे मलाच बघायचं होतं.

चाळिसाव्या मिनिटाला मी कागद मागितला. तिची पेन्सिल थांबली, मग पुन्हा चालू लागली. दीड तासानं मी माझी पेन्सिल ठेवली, हाताची घडी घातली आणि जांभई दिली. जांभई सरांनी सांगितली नव्हती. त्यानंतर ती इतक्या वेळा वळली की मी मोजणं सोडलं. शेवटी शेवटी तर ती गोल खोडत होती.

ब्याण्णव.

संध्याकाळी मी दुकानात गेले. वडील भिंगाची कड घासत होते, ती बाजूला उभी होती. मी नोकरीपासून जांभईपर्यंत सगळं सांगितलं.

"काका, तिचा सातवा पेपर बघा. फॉर्मची मुदत उद्यापर्यंत आहे."

त्यांनी यंत्र बंद केलं. "म्हणजे तुम्ही काहीच सोडवत नव्हतात?"

"नाही."

"नुसत्या बसला होतात."

"हो."

ते मुलीकडे वळले. आवाज चढवला नाही. "हुशार पोरीपुढे हरली असतीस तर समजलो असतो गं. ही तर नुसती बसली होती."

तिचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. "मग ते तुझे गोल?" तिनं मला विचारलं.

"कसेही भरले होते."

"मला वाटलं, माझंच चुकलं. तुझे बघून मी माझे खोडले. आठ. आठही आधी बरोबर होते."

एका प्रश्नाला चार गुण. आठ चोक बत्तीस. ब्याण्णव अधिक बत्तीस, एकशेचोवीस. तिचाही हिशेब झाला असावा, कारण तिनं ओठांतल्या ओठांत तोच आकडा म्हटला.

"लोक कॉपी करून पास होतात," वडील म्हणाले. "आमची कॉपी करून पडली."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं. वडिलांनी तिला मानेनंच खूण केली. ती काउंटरची फळी उचलून आत गेली आणि त्या माणसाला म्हणाली, "बसा ना. वाचायला हवाय की लांबचं बघायला?"