पाचवा दगड

शहाद्याच्या पुढे रस्ता सरळ आणि रिकामा लागला, तेव्हा वनाने मला त्याची राजदूत चालवायला दिली. दीड मैल! मागे कुणी बसलेलं नाही, कुणी हँडल धरलेलं नाही. अंगात अभयभाऊचा स्वेटर, दोन वेण्या वाऱ्यावर, आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. एका बैलगाडीवाल्याने बैल थांबवून माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं आणि तेवढ्यात गाडी बोरीच्या काटेरी झुडपाकडे निघाली, पण मी ती सांभाळली. वना म्हणाला, "लाडू, तू तर मोटारसायकलवाली झालीस." वना म्हणजे आमच्या दोंडाईच्यातला मेकॅनिक, अभयभाऊचा शाळेपासूनचा मित्र. त्याने म्हटलं म्हणजे ते पक्कं.

गणपती विसर्जनानंतरचा रविवार होता. चार गाड्या सातपुड्याचे घाट चढून तोरणमाळला निघाल्या होत्या. मला नेणार नाहीत म्हणाले, म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते. आमच्या जैनांच्या घरात मुलगी जेवत नाही म्हणजे तिने तप धरलंय असंच आधी सगळ्यांना वाटतं. तिसऱ्या दिवशी खरं कारण कळलं आणि बापूंनी हात टेकले. पण मी अभयभाऊच्याच मागे बसायचं, ही अट घातली. दहावीतल्या मुलीला एवढी अट चालते.

दोन घाट झाले. तिसऱ्याच्या पायथ्याशी मगनआबांची चहाची झोपडी होती, आणि समोर सागाखाली दगडांचा ढीग. गुडघाभर उंच, शेवाळलेला.

"कितल्या गाड्या शेतस?" आबांनी विचारलं.

"चार," धनसिंग म्हणाला. तो शहाद्याकडचाच, बुलेटवर सगळ्यांच्या पुढे असायचा.

"मंग चार दगड ठेवा. एक गाडी, एक दगड. ज्यानी गाडी, त्यानाच हात."

आमचा मावसभाऊ महावीर दुकानदार माणूस. तो म्हणाला, "आबा, ठोकमध्ये एकच मोठा ठेवला तर?"

"ते तुन्या दुकानमा चालस. आठे नही. घाट माणसं नही मोजस, दगड मोजस."

महावीर हसला, पण त्यानेही ठेवला. चौघांचे चार झाले. ते चहाकडे वळले आणि मी हळूच पाचवा ठेवला, छोटासा, वरच. गाडी चालवणाऱ्यांत मीही होतेच की. कुणी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर फार छान वाटलं.

निघताना धनसिंगने मला काम दिलं. वनाच्या राजदूतचा मागचा ब्रेक नीट धरत नव्हता, म्हणून तो शेवटी, सावकाश येणार होता. मी मान वळवून त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. दिवा दिसला की भाऊच्या खांद्यावर एक थाप. दिसेनासा झाला की दोन. दोन थापा पडल्या की भाऊ हॉर्न देणार आणि सगळे थांबणार.

"झोपू नको," धनसिंग म्हणाला. "धुक्यात तो कडेवरून गेला तर तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही."

"शाळेतसुद्धा मागच्या बाकावर मीच जागी असते," मी म्हटलं.

"मागच्या बाकावर? म्हणूनच गणितात एवढे मार्क," भाऊ म्हणाला.

दोन वळणं झाली आणि धुकं उतरलं. दुपारचे बारा वाजले होते, पण उजेड दुधाच्या पाण्यासारखा. पुढची बुलेट नुसती ऐकू येत होती. मागे वनाचा दिवा, पिवळा, आणि राजदूतचा तो कोरडा टर्र टर्र आवाज. एक थाप. पुढचं वळण, एक थाप. एका वळणावर रस्त्याच्या कडेला चुना मारलेला दगड होता आणि त्याच्यापुढे कठडा तुटलेला. तो मागे गेला. मग दिवा आला. आवाज आला नाही.

मी कान दिला. पुढे बुलेट होती, खाली आमची जावा गाडी होती, मागे काही नाही. पण दिवा होता. धुक्यात आवाज अडकत असेल, असं मी मनाशी म्हटलं. शास्त्राच्या बाईंनी असंच काहीतरी शिकवलं होतं, निदान शिकवलं असावं. काम दिव्याचं होतं, आवाजाचं नव्हतं. मी एक थाप मारली. पुढच्या वळणावर दिवा जवळ आला होता, तरी गाडी नव्हती, नुसता दिवा. मी पुन्हा एक थाप मारली. अशी चार वळणं. घाबरले असं म्हटलं तर पुन्हा कधी आणणार नाहीत, हेही डोक्यात होतंच.

माथ्यावर सगळे थांबले. दिवा शेवटच्या वळणापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला, पन्नासेक पावलांवर.

"काय रे वना, अक्षता पाठवू का?" धनसिंग ओरडला.

महावीर डबा सोडत होता. "येऊ दे त्याला सावकाश, तेवढ्या दशम्या वाचतील."

दिवा हलला नाही. सकाळीच वनाने मला सांगितलं होतं की उभ्या राजदूतचा दिवा मंदावतो, इंजिनाबरोबर थरथरतो. हा थरथरत नव्हता.

"भाऊ," मी म्हटलं, "तो वना नाही."

अभयभाऊ हसायला लागला आणि माझ्याकडे पाहून थांबला. धनसिंगने विचारलं, "दगड किती ठेवले आपण?"

"चार," महावीर म्हणाला.

"पाच," मी म्हटलं. "एक मी ठेवला."

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. धनसिंग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "राजदूतचा आवाज शेवटचा कुठे ऐकलास?"

आत्ताच, असं मला म्हणता आलं असतं. मग मी एकही थाप चुकवली नाही असंच सगळ्यांना वाटलं असतं. पण मग त्यांनी वनाला या वळणावर शोधलं असतं, आणि तो इथे नव्हताच.

"चुन्याच्या दगडापाशी," मी म्हटलं. "चार वळणं खाली. त्यानंतर आवाज नव्हता. तरी मी एकच थाप मारत राहिले."

आम्ही वळून पाहिलं तेव्हा वळण रिकामं होतं.

ऐकू यावं म्हणून इंजिनं बंद करून गाड्या उतारावर सोडल्या. चाकांचा आणि ब्रेकचा तेवढा आवाज. वाटेतल्या चिखलात आमच्या तीन गाड्यांच्या चढतानाच्या खुणा होत्या. चौथीची नव्हती. पाचवीची तर नव्हतीच. चुन्याच्या दगडापाशी मी उडी टाकली आणि वनाला हाक मारली. तिसऱ्या हाकेला खालून ओ आली.

तो दहा-बारा हात खाली कारवीच्या दाट झाडोऱ्यात अडकला होता. राजदूत त्याच्या पायावर पडली होती. त्याच्याखाली कारवी होती आणि कारवीखाली नुसतं पांढरं. भाऊने आणि धनसिंगने गाडी उचलून धरली, महावीरने त्याला काखेत धरून ओढलं. पाय मोडला होता, पण वना शुद्धीवर होता.

मी पाण्याची छागल घेऊन उतरले. त्याने मला पाहिलं आणि कोपरांवर मागे सरकला, दरीकडे. भाऊने त्याची कॉलर पकडली.

"अरे, लाडू आहे ती."

"हिच्याच मागे तर मी आलो," वना म्हणाला. "हीच चालवत होती. हाच स्वेटर, याच दोन वेण्या. मी म्हटलं, अभयने घाटात हिला गाडी कशी दिली? हाका मारल्या. एकदाही वळून पाहिलं नाही तिने. इथे आली आणि सरळ गेली. मला वाटलं, रस्ता सरळच आहे."

भाऊने माझा दंड धरला होता, जरा जास्तच घट्ट.

मी छागल पुढे केली. वनाला तहान लागली होती, ओठ कोरडे पडले होते, पण हात पुढे येईना. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"तू कोणती?" त्याने विचारलं.

सकाळपासून मी मनातल्या मनात शाळेतल्या मैत्रिणींना सांगायची वाक्यं रचत होते. दीड मैल, तिसरा गिअर, बैलगाडीवाला. त्यांतलं एकही तोंडात आलं नाही.

"मी मागे बसलेली," मी म्हटलं. "दिव्यावर लक्ष ठेवायचं होतं, ती. माझं चुकलं."

मग त्याने छागल घेतली, आणि पाणी पिताना माझं मनगट धरलं, गरम आहे का बघितल्यासारखं.