जारचं पाणी चालत नाही

दीपा नागपूर-घाटंजी करून आली ती आधी घरी गेलीच नाही. एस.टी.तून उतरली आणि खांद्यावरच्या पिशवीसकट समाजमंदिराशेजारच्या खोलीपाशी जाऊन तिनं कुलूप काढलं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं, मग घाटंजीला बहिणीकडे दोन दिवस टेकायचं, हा तिचा दरवर्षीचा नेम. यंदा मात्र तिचा अर्धा जीव या खोलीतच राहिला होता. खोलीत नावेच्या दोन बॅटऱ्या होत्या.

गावाला धरणाच्या पाण्यानं तीन बाजूंनी वेढलंय. पलीकडच्या काठावर कापूसच कापूस, पण सडकेनं जायचं तर अर्धा दिवस वाटेतच मोडतो. म्हणून एका संस्थेनं बायांच्या बचत गटाला मोटरची नाव दिली, धूर नाही की आवाज नाही, बॅटरीवर चालणारी. नाव येण्याआधी सगळ्या बाया नानाजींच्या वावरात वेचायला जायच्या, नानाजी म्हणतील त्या दरानं. नानाजी माजी सरपंच, बोलायला गूळ आणि द्यायला कडुनिंब. नाव आली आणि बायांना दुसरा काठ मिळाला. तेव्हापासून नानाजींना ती नाव डोळ्यांत कुसळासारखी सलत होती.

दिग्रसच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेली गावातली एकटी दीपा, म्हणून बॅटऱ्यांची जबाबदारी तिची. तिनं आत पाऊल टाकलं आणि तिच्या तोंडून शिवीच निघाली.

बॅटऱ्या धुऊन लख्ख केलेल्या. वर हळदी-कुंकवाची बोटं, झेंडूचा सुकलेला हार. झाकणं उघडून पाहिलं, तर प्रत्येक खणात पाणी गळ्यापर्यंत आलेलं. तारांचे चिमटे अजून तसेच लटकत होते. दीपा नागपुरात निळ्या झेंड्यांखाली उभी होती, तेव्हा इथे नावेचं दसरापूजन झालं होतं. उजव्या बॅटरीवर रोषणाईची माळ लावली, डावीवर गाण्याचा डबा. सगळं संपेपर्यंत वाजवलं आणि रिकाम्या बॅटऱ्या आणून ठेवल्या. बॅटरीला याहून वाईट काही करता येत नाही. रिकामी पडून राहिली की तिच्या आत पांढरा खार धरतो आणि मग ती चार्ज घ्यायचं विसरते.

दीपानं चार्जर लावला. उजवीनं मुकाट्यानं चार्ज घ्यायला सुरुवात केली. डावीला लावला, तर चार्जरचा दिवासुद्धा लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाजी दारात हजर. मागे भंगारवाल्याची गाडी.

"दीपे, गेल्या त्या दोनी," ते म्हणाले. "मी सोता चार्जर लावून पायलं. चार्जरच घेत नाही म्हनल्यावर मेलीच ना? गटाच्या बायाइले सांगतलं मी. भंगारात घाला अन् मोकया व्हा. सोमवारपासून माह्या वावरात वेचनी हाय, सगळ्या जनी या."

आता कळलं. सोमवारी सीतादहीची, म्हणजे पहिल्या वेचणीची, पूजा करून पलीकडची वेचणी सुरू व्हायची होती. बॅटऱ्या आज भंगारात गेल्या, तर नाव कायमची काठाला आणि बाया पुन्हा नानाजींच्या वावराच्या धुऱ्यावर.

"मेली का जित्ती, हे चार्जर नाही सांगत, नानाजी," दीपा म्हणाली. "मी सांगन. सोमवारी."

"किल्ली दे."

"नाही देत."

"गटाची मालमत्ता हाय थे!"

"गटाची हाय, तुमची नाही," असं म्हणून तिनं दार ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली पदराच्या गाठीला बांधली. भंगारवाला नानाजींकडे पाहत राहिला आणि नानाजी कुलपाकडे. माजी सरपंचाला कुलूप दाखवणारी ही गावातली पहिलीच.

दुपारी विमलताई आल्या. विमलताई नानाजींच्या कारभारीण आणि गटाच्या अध्यक्ष. खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची, पण आज ती त्यांनी नानाजींच्या हाती लागू दिली नव्हती. आल्या तशा उंबऱ्यावरच बसल्या.

"दीपा, मले मार पाह्यजे त. पानी मीच भरलं. दसऱ्याच्या दिशी आपन पुरनपोळी खाल्ली, म्हनलं, थे बिचाऱ्या उपाशी काहून? फिल्टरच्या जारचं चांगलं पानी टाकलं व माय."

दीपाला रडावं की हसावं कळेना. राग तर असा आला होता की बॅटरी उचलून धरणात फेकावी. पण या बाईनं जीव लावून वाटोळं केलं होतं आणि अशा माणसावर ओरडताही येत नाही.

"जारचं पानी बॅटरीले चालत नाही, ताई. डिस्टिलचंच लागते, अन् थे बी चार्ज झाल्यावर. आदीच गळ्यालोक भरलं, तर चार्ज होताना तेजाब उतू जाते." ती थांबली. "डावीत इतका कमी दम हाय का चार्जरले ती दिसूनच नाही राह्यली. शेजारी दुसरी भरलेली बॅटरी जोडली, तर तिच्या जोरावर उठन. पन भरलेली बॅटरी आनाची कोठून? उजवी त अजून अर्धीबी भरली नाही."

विमलताई उठल्या. "आमचे हे दिग्रसले गेले हायत," एवढंच म्हणाल्या.

अर्ध्या तासानं त्या आल्या तेव्हा डोक्यावर घमेलं होतं. वर फडकं, फडक्याखाली नानाजींच्या ट्रॅक्टरची बॅटरी. दीपानं लालला लाल, काळ्याला काळी तार जोडली आणि चार्जर लावला. दिवा लागला. विमलताईंनी हात जोडले. वीस मिनिटांनी ट्रॅक्टरची बॅटरी फडक्याखालून आली तशी घरी गेली.

शनिवार-रविवार दीपा खोली सोडून हलली नाही. दोन्ही खिडक्या सताड उघड्या, दारावर खडूनं लिहिलेलं: बिडी पेटवू नये. रबरी पिचकारीनं तिनं जास्तीचं पाणी काढून बाटलीत भरलं, सांडलेल्यावर खायचा सोडा टाकून पुसलं, चिमटे घासून व्हॅसलीन लावलं. चार्ज अगदी सावकाश दिला, बाळंतिणीला पेज द्यावी तसा. मधूनमधून काचेच्या नळीत बॅटरीचं पाणी ओढून आतली कांडी किती वर तरंगते ते पाहायची. कांडी वर तर बॅटरीत दम, खाली तर दम गेला, इतकं सोपं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

उजवीच्या सहाही खणांत कांडी वर आली. डावीच्या पाच खणांत वर आली. सहाव्यात बुडूनच राहिली. तिनं तीनदा पाहिलं, चौथ्यांदा पाहिलं. एक खण मेला होता, आणि एक खण मेला की बॅटरी गेली. मोटरला तर दोन बॅटऱ्या लागतात. रविवारी संध्याकाळी दीपा भिंतीला टेकून बसली आणि मनसोक्त रडली. मग तोंड धुतलं आणि विमलताईंना जे होतं ते सांगून टाकलं.

सोमवारी सकाळी काठावर बाया जमल्या, कमरेला कापसाच्या ओट्या बांधून. गटातल्या भागीरथा काकू शिदोरी घेऊन सगळ्यांत पुढे. दीपा उजवी बॅटरी नावेत बसवत होती, तोच विमलताई आल्या. डोक्यावर घमेलं, आणि या वेळी फडकं नव्हतं. गावातून अशाच, उघड्या बॅटरीनिशी चालत आल्या होत्या.

"जोडी बरोबर नाही ही," दीपा हळूच म्हणाली. "ट्रॅक्टरची बॅटरी दमाच्या कामाची नसते, नुसत्या झटक्याची असते. आजच्या दिवस चालन. तेही हळू."

"हळूच जाऊ. आपल्याले कोनाच्या बापाची घाई हाय?"

तारा जोडल्या. मोटर फिरली. बायांनी असा गलका केला की काठावरचे बगळे उडाले.

तेवढ्यात नानाजी धावत आले. आज ते चक्क पायी होते, कारण ट्रॅक्टर सुरूच झाला नव्हता. बाया येणार नाहीत हे उमगल्यावर ते ट्रॅक्टर घेऊन महागावकडून मजूर आणायला निघाले होते म्हणे. नावेतली बॅटरी त्यांनी पाहिली. शेजारी बसलेली स्वतःची बायको पाहिली. कशावर आधी ओरडावं हे काही क्षण त्यांना कळेना.

"माही बॅटरी!"

"तुमची कायची?" विमलताई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "ट्रॅक्टर माही गळ्यातली सोन्याची पोत मोडून घेतला. विसरले काय?"

बाया हसल्या नाहीत. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, पण इतकी वर्षं कुणी मोठ्यानं म्हटली नव्हती.

नानाजींचा आवाज खाली आला. "अध्ध्या पान्यात बंद पडली त?"

"त वल्हं हाय," दीपा म्हणाली. "वल्हवत पल्ल्याड जाऊ. वापस तुमच्या वावरात नाही येत."

तिनं दोर सोडला. नाव हळूच काठापासून सुटली. मीटरवरचा काटा थोडा हलला आणि स्थिर राहिला. दीपानं काट्यावरची नजर काढली नाही, अजून विश्वास बसत नव्हता.

"बॅटरी केव्हा वापस देता?" काठावरून हाक आली.

"सांजच्याले!" दीपा ओरडली. "तवालोक दिग्रसहून डिस्टिल पान्याची कॅन आनून ठेवा. एस.टी.नं जा. अन् नानाजी, जारचं आनू नका!"