शुक्रवारची शेगडी

एकोणीसशे अठ्ठावन्न साली मी वीस वर्षांची होते. उरुग्वेतल्या आमच्या मेर्सेदेस गावात सिग्रिडबाईंच्या प्रार्थनाघरात जाणाऱ्या आम्ही दोघीच होतो, आई आणि मी. बाई नॉर्वेहून धर्मप्रचारासाठी आल्या होत्या. गावानं त्यांना कधी दुखावलं नाही. लोक दारात थांबून गप्पा मारत, परसातली लिंबं आणून देत. आत यायचं मात्र कुणी नाव काढत नसे. बेकरीवाला म्हणायचा, "देव चांगलाच असेल हो बाई, पण रविवारची झोपही काही वाईट नाही."

बाईंचा खर्च नॉर्वेतली मंडळी चालवत. त्या वर्षी त्यांनी कळवलं, की आहेत ती माणसंही टिकली नाहीत तर घर बंद करून परत या. बाईंनी हे आम्हाला सांगितलं, तेव्हा आईनं नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला.

समोर ऑर्फिलिओकाका राहायचे. दर गुड फ्रायडेला, म्हणजे येशूच्या मरणाच्या दिवशी, जेव्हा भाविक मांस खात नाहीत, नेमकी आमची उपासना सुरू झाली की, ते मित्रांना जमवून रस्त्यावर मांस भाजायला बसत. पाद्र्यांना डिवचायची ही रीत त्यांच्या वडिलांपासूनची. धूर थेट आमच्या बाकांवर यायचा. "बाई, तुमच्या येशूला सांगा, एक बरगडी त्याच्यासाठी ठेवलीय," असं ते ओरडत. आई खिडक्या लावून घेत पुटपुटायची, की मेल्यांना वर्षाचे बाकीचे दिवस पुरत नाहीत.

त्या उन्हाळ्यात काकांची बायको गेली. एप्रिलमध्ये गुड फ्रायडेच्या सुट्टीत मित्रही तंबू घेऊन नदीवर गेले. तरी काकांनी शेगडी पेटवली, नेहमीइतकंच मांस लावलं आणि एकटेच बसून राहिले. ओरडले नाहीत. वाचता वाचता बाईंचं लक्ष सारखं खिडकीकडे जात होतं. शेवटची प्रार्थना झाली तशा त्या रस्ता ओलांडून गेल्या. काकांनी खुर्ची पुढे सरकवली, ताट दिलं. बाई जेवायला लागल्या.

आई दारातच थिजली. मग ती त्यांच्यापर्यंत चालत गेली.

"आजच्या दिवशी, बाई? आणि ह्या माणसाकडे?"

"क्लोटिल्डे, ते एकटे होते."

"आज येशूही एकटाच होता," आई म्हणाली.

काकांनी मान वर केली नाही. बाईंच्या हातातला घास तसाच राहिला. आईनं शाल सावरली आणि ती मला घेऊन घरी आली. ती पुन्हा प्रार्थनाघरात गेली नाही. मला अडवलं नव्हतं तिनं, पण तिला सोडून मी कशी जाणार होते? ईस्टरच्या सकाळी मी त्या रस्त्यानं पाव आणायला गेले, तर बाई उघड्या दारात उभ्या होत्या. मला पाहून हसल्या. काका समोर झाडत होते. त्यांनी बाईंचाही उंबरठा झाडून दिला आणि आपल्या घरात निघून गेले.

जुलैत बाई प्रार्थनाघर बंद करून नॉर्वेला परत गेल्या. बर्गेनला एका शाळेत शिकवत होत्या, लग्न केलं नाही, एक्याऐंशी साली वारल्या. काका साल्तोला लेकीकडे गेले आणि तिथेच संपले. आई चौकातल्या मोठ्या चर्चमध्ये जाऊ लागली. तिथे तिची कुणाशी ओळख झाली नाही. बाईंचं नाव तिनं मरेपर्यंत काढलं नाही. प्रार्थनाघराच्या जागी सायकल दुरुस्तीचं दुकान आलं. मी लग्न होऊन फ्राय बेंतोसला आले. नवरा बरा होता, देवाबिवाचं त्याला काही नव्हतं. तो गेल्यापासून रविवारी मी बायबलचा एक अध्याय मोठ्यानं वाचते. घरात दुसरं कुणी नसतं.